बी घरचेच, मग वेल निराळे का?

प्रश्न : वालपापडीचे बी आम्ही दरवर्षी घरचेच धरतो. यंदा पांढऱ्या फुलांत मधूनच जांभळ्या फुलांचे वेल निघाले. काही वेल तर दिवाळी उलटली तरी कळीवर नाहीत. बी बिघडले का?
– एक वाचक, रायगड

उत्तर : बी बिघडलेले नाही, त्यात सरमिसळ झाली आहे. वाल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतो. पण काळा भुंगा फुलावर टेकला की त्याच्या वजनाने खालची पाकळी दबते, पुंकेसर उघडे पडतात आणि पराग त्याच्या अंगाला लागून शेजारच्या मांडवावर जातो. जांभळा रंग पांढऱ्यावर प्रभावी असल्याने असा संकर पुढच्याच हंगामात उघडा पडतो. त्या वेलांचे बी पुन्हा पेरले, तर साधारण तीन जांभळे आणि एक पांढरा असे वेल निघतात.

उशिराचे कारण वेगळे. जुने देशी वाल दिवस लहान झाल्याशिवाय कळी धरत नाहीत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे झुडपी वाण मात्र दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत.

कडवे वाल, पावटा, वालपापडी ही सगळी एकाच प्रजातीची मंडळी! 2023 मध्ये वालाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन बियांच्या आणि चार बियांच्या शेंगांचे वाल स्वतंत्रपणे लागवडीखाली आले.

बियाण्यासाठी लवकर फुललेले, एकसारखे वेल निवडावेत. कळ्या उमलण्याआधीच तुऱ्यांना मलमलची पिशवी बांधावी. जांभळे वेल उपटण्याची घाई नको. त्यांचे बी तेवढे वेगळ्या डब्यात ठेवावे.