एकदा वस्तरा लागला की दाढी राठ येते का?

प्रश्न : मी अकरावीत आहे. वर्षभरापूर्वी मिसरूड फुटलं, आता हनुवटीखालीही तुरळक केस आले आहेत. वर्गातली मुलं चिडवतात म्हणून दाढी करायचं मनात आहे. पण आजी म्हणते, एकदा वस्तरा लागला की केस राठ आणि दाट येतात, मग रोजची कटकट मागे लागते. उलट माझा एक मित्र दाट दाढी यावी म्हणूनच दर दोन दिवसांनी गाल खरवडतो. यातलं खरं काय? आणि पहिली दाढी घरी करावी की सलूनमध्ये? बाबांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : तुझ्या आजीला ज्याची धास्ती वाटते, तेच तुझ्या मित्राला हवं आहे. म्हणजे दोघांचा समज एकच: वस्तऱ्याने केस राठ आणि दाट होतात. हा समज घरोघर आहे आणि तो चुकीचा आहे. पण आजी उगाच काही बोललेली नाही. तिने घरातल्या दोन-तीन पिढ्यांतली मुलं पाहिली आहेत, आणि तिला जे दिसलं ते खरंच तसं दिसतं. ते तसं का दिसतं, हे कळलं की तुझा अर्धा प्रश्न सुटेल.

केस जिवंत असतो तो फक्त त्वचेच्या आत, मुळापाशी. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना वर ढकलतात. त्वचेबाहेर येईपर्यंत त्या पेशी मेलेल्या असतात. आपल्याला दिसतो तो केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा, नखांमध्ये असतं तेच प्रथिन. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. पातं फिरतं ते त्वचेच्या पृष्ठभागावर, मूळ असतं त्याच्या बरंच खाली. वर केस कापला गेला याची खबर मुळाला लागण्याची काही सोयच नाही. मग त्या कापण्यामुळे मुळाने जाड केस तरी कसा पाठवावा?

मग दाढीनंतर दोन दिवसांनी गालावर हात फिरवला की टोचतं, ते का? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. पात्याने तो मध्येच कापला जातो आणि टोकाच्या जागी सपाट, कडेला धारदार असा छेद उरतो. शिवाय केस आखूड होतो. खराट्यातला लांब हीर बोटाने सहज वाकतो, तोच पेरभर तोडला तर टोचतो. हिराची जाडी मात्र तीच असते. रंगाचंही तसंच. जुन्या केसाने ऊन आणि साबण बरेच दिवस सोसलेले असतात, त्यामुळे तो थोडा फिका पडतो. नुकताच वर आलेला खुंट ताजा आणि काळाभोर दिसतो. राठपणा आणि काळेपणा हा असा डोळ्यांना आणि बोटांना होणारा भास आहे.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ साली काही पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. दाढी करण्यामुळे केसांच्या जाडीत, रंगात किंवा वाढीच्या वेगात काहीही फरक पडलेला त्यांना आढळला नाही. १९७० मध्ये आणखी एक साधी पण चोख तपासणी झाली. पाच तरुणांनी काही महिने दर आठवड्याला एका पायावरचे केस काढले आणि दुसऱ्या पायाला हात लावला नाही. दोन्ही पायांवरच्या केसांत फरक निघाला नाही.

आजीला जे दिसलं, त्याचं खरं कारण वेगळंच आहे: वय. पौगंडावस्थेत शरीरात पुरुषी संप्रेरकं वाढू लागतात आणि चेहऱ्यावरची मऊ, फिकट लव हळूहळू जाड, काळ्या केसांत बदलते. हा बदल साधारण ठरलेल्या क्रमाने होतो. आधी वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस दिसतात, मग ते पूर्ण ओठावर पसरतात. त्यानंतर गालांवर वरच्या बाजूला आणि खालच्या ओठाच्या मधोमध केस येतात आणि शेवटी हनुवटी व जबड्याच्या कडा भरतात. पूर्ण दाढी भरायला विशी उलटून जाते. आता बघ, मुलगा दाढी करायला लागतो तो नेमका याच काळात. सोळाव्या वर्षी वस्तरा लागला, अठराव्या वर्षी दाढी दाट झाली. पाहणाऱ्याने दोन्हींची सांगड घातली. वस्तरा लागला नसता तरी अठराव्या वर्षी ती तितकीच दाट झाली असती.

त्यामुळे तुझ्या मित्राला सांग, गाल खरवडून त्वचा सोलवटून निघेल, दाढी काही लवकर येणार नाही. ती किती आणि केव्हा येणार हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर आहे. कुणाची पंधराव्या वर्षी येते, कुणाची विसाव्या वर्षीही विरळच असते आणि दोघंही धडधाकट असतात. तेलाने दाढी उगवत नाही. डोक्याचे केस वाढवायची औषधं मित्रांचं ऐकून गालाला लावणं तर तुमच्या वयात अजिबात नको. चौदा वर्षं पुरी होऊनही वयात येण्याची एकही खूण शरीरावर नसेल, तरच डॉक्टरांना दाखवावं.

पहिल्या दाढीचं ‘योग्य वय’ असं काही नसतं. आपल्याकडच्या सोळा संस्कारांत केशान्त नावाचा पहिल्या दाढीचा एक संस्कार आहे. मनुस्मृतीने तो ब्राह्मणाला सोळाव्या वर्षी, क्षत्रियाला बाविसाव्या आणि वैश्याला चोविसाव्या वर्षी सांगितला आहे. दाढी वर्ण पाहून उगवत नाही, त्यामुळे ती वर्षं आपण बाजूला ठेवू. तुला ते केस नको वाटत असतील तर आज कर, वाटत नसतील तर वर्षभर राहू दे. नुकसान दोन्हींत नाही. फक्त मुलं चिडवतात एवढ्यासाठी करू नकोस. मिसरूड काढलं तर ‘काढलं’ म्हणूनही ती चिडवतील.

घरी की सलूनमध्ये, याचं माझं उत्तर: घरी, आणि बाबांना शेजारी उभं करून. संकोच वाटतो हे मी समजू शकतो. पण ‘बाबा, मला दाढी करायची आहे, जरा दाखवाल का?’ एवढं एक वाक्य पुरतं. बहुतेक वडील ते ऐकायला उत्सुक असतात, पण स्वतःहून विषय काढायला त्यांनाही अवघड वाटतं. शिवाय याला एक व्यावहारिक कारण आहे. जबड्याखालचा भाग आरशात तुला नीट दिसत नाही, शेजारच्या माणसाला दिसतो. बाबा नसतील तर मामा, काका, थोरला भाऊ, कुणीही चालेल. आईही चालेल.

साधन साधं घे. उघडा वस्तरा नको. दोन पात्यांचा साधा रेझर सुरुवातीला उत्तम. पाच-पाच पात्यांचे महाग रेझर फार खोलवर कापतात, कारण पुढचं पातं केस किंचित ओढून धरतं आणि मागचं तो त्वचेलगत उडवतं. कुरळे केस असलेल्यांना यातून त्रास होतो: कापलेलं टोक वळून त्वचेतच घुसतं आणि तिथे लाल, दुखरी पुटकुळी येते. तुझे केस कुरळे असतील तर फार गुळगुळीत करण्याच्या नादी लागू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पाणी. दाढी चांगली होते ती रेझरच्या किमतीमुळे नव्हे, केस भिजल्यामुळे. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. म्हणून दाढी आंघोळीनंतर लगेच करावी. केस फेसाने मऊ होतात असं अनेकांना वाटतं. खरं तर फेसाचं काम पाणी केसावर धरून ठेवायचं आणि पातं घसरू द्यायचं. अंगाच्या साबणाचा फेस लवकर वाळतो, म्हणून दाढीचं क्रीम किंवा दाढीचा साबण घ्यावा. ब्रश असेल तर गोल फिरवून लाव, नसेल तर बोटांनी.

फेस लावण्याआधी एक काम कर. कोरड्या गळ्यावर बोटं वरून खाली आणि मग खालून वर फिरव. ज्या दिशेने बोटं अडखळतात ती केसांची उलटी दिशा. गालांवर केस बहुधा खाली वळलेले असतात, पण गळ्यावर, कंठमण्याच्या आसपास, अनेकांचे वर किंवा आडवे वळलेले असतात. तिथेच नवख्या माणसाला सर्वांत जास्त चरे पडतात, कारण तो सगळीकडे एकाच दिशेने रेझर ओढतो. सलूनमध्ये ‘उलटा हात मारू का?’ असं विचारतात ना, ते याच दिशेबद्दल. तू पहिले काही महिने उलटा हात मारूच नकोस. केसांच्या दिशेने एकदा, फार तर पुन्हा थोडा फेस लावून दुसऱ्यांदा. बस.

सुरुवात गालांपासून कर. ओठावरचे आणि हनुवटीचे केस जाड असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळू दे. दुसऱ्या हाताने त्वचा जराशी ताणून धर आणि बोटभर लांबीचे छोटे हात मार. रेझर दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं. दाबलं की त्वचा पात्यापुढे उचलली जाते आणि कापते. दोन-तीन हातांनंतर रेझर नळाखाली धरून अडकलेले केस काढ. ओठावर आलास की वरचा ओठ दातांवर खाली ओढून घे, म्हणजे नाकाखालची जागा सपाट होते. मुरूम असतील तर त्यांच्या भोवतीने जा, त्यांच्यावरून पातं नको. मुरूम फार आणि पिकलेले असतील तर सध्या ट्रिमर वापर आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

नंतर गार पाण्याने तोंड धुऊन टॉवेलने टिपून घे, घासू नकोस. कापलं असेल तर स्वच्छ कापड मिनिट-दोन मिनिटं दाबून धर. तरीही रक्त आलं तर तुरटीचा ओला खडा हलकेच फिरव. तुरटीने त्वचा आकसते आणि रक्तातली प्रथिनं गोठतात, म्हणून रक्त थांबतं.

आफ्टरशेव्ह झोंबलं म्हणजे ते ‘काम करतंय’ असं मुलांना वाटतं. तसं नाही. आपल्या त्वचेत उष्णता ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती एरवी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास ‘भाजतंय’ असा इशारा देतात. अल्कोहोल लागलं की हा उंबरठा ३४ अंशांपर्यंत खाली येतो. मग अंगातली नेहमीची ऊबच भाजल्यासारखी वाटते. जंतू मेले की नाही याच्याशी त्या झोंबण्याचा संबंध नाही. सोललेल्या त्वचेला साधं मॉइश्चरायझर जास्त बरं.

कधी सलूनमध्ये गेलास, तर वस्तऱ्यात तुझ्यासमोर नवं पातं घालायला सांग. लाजू नकोस, चांगला कारागीर न सांगताच ते करतो. यात चोखंदळपणाचा प्रश्न नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे आजार रक्तातून पसरतात, आणि बी चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश पात्यावर असू शकतो. याच कारणासाठी घरातही बाबांचा रेझर वापरायचा नाही, तुझा तुला वेगळा हवा.

पातं किती दिवस वापरायचं? ओढू लागलं की बदलायचं, मोजदाद नको. केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट व्हावं याचं नवल वाटेल. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोलादापेक्षा केस सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो कापला जाताना वाकला की धारेचा बारीकसा टवका उडवू शकतो. वापरून झाल्यावर रेझर धुऊन, झटकून कोरड्या जागी ठेव. न्हाणीघरातल्या ओल्या कोनाड्यात ठेवू नकोस.

राहिलं आजीचं ‘रोजची कटकट’. दाढीचा केस दिवसाला मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश एवढा वाढतो, आणि तुझे केस अजून तुरळक आहेत. सध्या आठवड्या-पंधरा दिवसांतून एकदा केलीस तरी पुरे. पुढेमागे दाढी ठेवावीशी वाटली तर रेझर बाजूला ठेव. जितकी यायची तितकी ती येईलच.