दाहाला लगाम कोण घालतो?

भोसरीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करताना कामगाराच्या बोटात लोखंडाचा बारीक कीस घुसतो. दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. दाहाची हीच चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत.

हा दाह जंतू घडवीत नाहीत, आपले शरीरच घडवते. जखमेतून शिरलेले जंतू ओळखताच तेथील भक्षक पेशी टीएनएफ नावाचे प्रथिन सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात.

जंतूंचा बंदोबस्त करणारे औषध आपल्या याच परिसरात तयार होऊ लागले. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन जिवाणूला स्वतःची भिंत नीट बांधू देत नाही. परंतु एकदा भडकलेला दाह शमविणे त्याच्या हाती नाही. टीएनएफसारखी द्रव्ये रक्तात अतोनात वाढली, तर साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि जंतू मेल्यावरही रोगी दगावू शकतो. म्हणजे दाहाला लगाम हवाच. तो कोण घालतो?

मोटारीचा रंग वाळवणारी भट्टी आठवा. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की तापमापक तसा संदेश पाठवतो आणि उष्णता कमी केली जाते. याला आम्ही भौतिकीवाले ऋण फीडबॅक म्हणतो. शरीरात अशी तार आहे काय? प्रतिकारशक्ती आपले काम रक्तातल्या रक्तात, मेंदूला न विचारता करते, असेच पुष्कळ काळ मानले जाई.

२००० मध्ये अमेरिकेत केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी दहावी जोडी म्हणजे व्हेगस मज्जातंतू. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘भटक्या’. आणि खरोखरच तो मानेतून हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी असा भटकत जातो. उंदरांना जिवाणूंचे प्राणघातक विष टोचून या मज्जातंतूला विजेची हलकी स्पंदने दिली असता टीएनएफचे प्रमाण घटले आणि रक्तदाब कोसळण्याचा धोका टळला. लगामाची तार सापडली होती.

पण तार हवीच कशाला? थोडे गणित करू. एखादे प्रथिन द्रवात केवळ विसरणाने x अंतर जाण्यास सुमारे x²/२D इतका वेळ लागतो. D ही किंमत १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रतिसेकंद धरली, तर एक मिलिमीटरसाठी ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागतात. एक सेंटिमीटरसाठी त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारे सहा दिवस! रक्त पुष्कळ जलद. मिनिटाभरात ते शरीराची फेरी पुरी करते. पण ते पत्र एका पत्त्यावर न टाकता गावभर वाटत सुटते. व्हेगसमधील मंद तंतूही सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने संदेश नेतात. पोटापासून मेंदूपर्यंतचे अर्धा मीटर अंतर अर्ध्या सेकंदात, तेही ठरलेल्या पत्त्यावर! (घरातील तारेतल्या प्रवाहाशी मात्र याची तुलना करू नका. येथे सोडियम व पोटॅशियमचे आयन तंतूच्या पटलातून आतबाहेर करतात आणि ही लाट पुढे सरकत जाते.)

हा पत्ता प्लीहेचा, म्हणजे घरी जिला पाणथरी म्हणतात तिचा. येथे एक कोडे होते. भक्षक पेशींना थांबवणारे द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन. परंतु प्लीहेतील मज्जातंतूंची टोके सोडतात ते नॉरअ‍ॅड्रिनलिन. २०११ मध्ये याचे उत्तर मिळाले. प्लीहेतील काही टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा संदेश घेतात आणि स्वतः अ‍ॅसिटिलकोलीन तयार करून सोडतात. कमी दाबाच्या प्रवाहाने मोठे यंत्र चालू-बंद करणारा रिले असतो ना, तसेच हे. व्हेगसचा संदेश प्लीहेच्या मज्जातंतूपर्यंत नेमका कसा पोहोचतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तरीही उपचारांपर्यंत मजल गेली आहे. मानेत व्हेगसपाशी बसवायच्या एका छोट्या उपकरणाला २०२५ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या एका प्रकारासाठी मान्यता मिळाली. गुण सर्वांनाच येतो असे नाही. आणि ‘मनोबलाने कोणताही रोग बरा होतो’ असा अर्थ तर यातून मुळीच निघत नाही.

मेंदूकडे दुसरा, रक्तातला मार्गही आहे. ताण आला की मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात व तेही दाह दाबते. हा लगाम नको तेव्हा ओढला गेला तर नुकसानच, कारण जखम भरण्याची सुरुवात दाहानेच होते. १९९८ मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची मोजून एकसारखी जखम दोनदा करण्यात आली. पहिली उन्हाळी सुट्टीत, दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी. विद्यार्थी थोडे होते हे खरे, पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती. परीक्षेच्या वेळची जखम भरण्यास सरासरी तीन दिवस जास्त लागले, आणि एकाही विद्यार्थ्याची ती सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही.