बोट दाखवू नका, हात धरा



सत्संगाच्या दारात बिडी विझवून गुपचूप शेवटच्या रांगेत बसणारा एखादा भाऊ आपण सर्वांनी पाहिला आहे. कुणी हमाली करतो, कुणी गवंडीकाम. कुणाला मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू आहेत, कुणी दारू सोडण्यासाठी झगडतो आहे. त्याला पाहून आपण म्हणतो, "बिचाऱ्याला तेवढाच आधार आहे, राहू द्या." हा विचार करुणेचा वाटतो. पण तो खरा आहे का?

आधार की ओझे?

धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. त्याचा अंमल उतरला की बेचैनी सुरू होते. पुढची बिडी ती शमवते, म्हणून बिडीने मन शांत होते असे वाटते. प्रत्यक्षात ती बेचैनी आधीच्या बिडीनेच दिलेली असते. धूम्रपान सोडून काही आठवडे झालेल्यांमध्ये चिंता, उदासी व ताण कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मनोविकार असलेल्यांनाही हे लागू आहे. शिवाय रोजचे २० रुपये वाचले, तर वर्षाला ७,३०० रुपये घरात राहतात.

सेवा कशी करावी?

१. आधी ऐकून घ्या. "सोडायची इच्छा होते का?" एवढेच प्रेमाने विचारा. उपदेश नको.

२. डॉक्टरांना आधी सांगायला लावा. धुरामुळे क्लोझापिन, ओलांझापिन यांसारखी औषधे शरीरातून लवकर निघून जातात. धूम्रपान थांबले की त्यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते आणि मात्रा बदलावी लागू शकते. साधना औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. गोळ्या बंद करण्याचा सल्ला कधीही देऊ नका.

३. शेजारी बसून फोन लावून द्या. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत. निकोटिनचे च्युइंगम घ्यावे का, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

४. पहिल्या आठवड्यात रोज भेटा. हे दिवस सर्वांत कठीण असतात. तलफ मात्र बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, दीर्घ श्वास किंवा नामस्मरण उपयोगी पडते.

५. पुन्हा ओढली, तर रागावू नका. अनेकांना अनेकदा प्रयत्न करावा लागतो. "उद्या पुन्हा सुरुवात करू" म्हणा.

आत्मपरीक्षण

- त्याच्या कपड्यांच्या वासाने मी दूर सरकून बसलो का?
- "याच्याकडून होणार नाही" असे मी आधीच ठरवून टाकले का?

या आठवड्याचा संकल्प

शेवटच्या रांगेतल्या त्या भावाशेजारी जाऊन बसूया. त्याच्यातही तेच चैतन्य आहे, जे आपल्यात आहे. त्याची शक्ती जागी व्हायला कधी कधी सोबतीला बसलेला एक माणूस पुरेसा असतो.