कवचाखालचा ट्रायलोबाइट

आपल्या विद्यार्थ्यांना ट्रायलोबाइट माहीत असतो तो पाठीवरच्या कवचापुरता. शीर्ष, वक्ष, पुच्छ अशी आकृती काढली, नावे दिली की अभ्यास संपला! मला विचाराल तर खरा प्राणी त्या कवचाखाली आहे.

कवचात चुना असतो, म्हणून ते टिकते. पायांवरचे आवरण पातळ, बिनचुन्याचे. ते बहुधा कुजून जाते. कॅनडातील बर्जेस शेल या खडकात मात्र सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वी बारीक चिखलात गाडले गेलेले प्राणी पायांसकट राहिले. चार्ल्स वॉलकॉट यांना हे स्थळ १९०९ साली सापडले.

तेथील ओलेनॉइडीस सेराटस ही जाती पाहा. पुढे शृंगिकांची एक जोडी, तिच्यामागे पायांच्या जोड्या, आणि डोक्याखालचे पायसुद्धा चालण्याचेच! प्रत्येक पायाला दोन शाखा. आतली चालण्यासाठी, बाहेरची पातळ पट्ट्यांच्या झालरीसारखी. ही झालर श्वसनाची की पोहण्याची, हा वाद बरीच वर्षे चालला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासाने कल्ल्यांच्या बाजूने कौल दिला.

जबडा नाहीच. पायांच्या बुडाशी आतल्या अंगाला काटे असतात. समोरासमोरच्या काट्यांत भक्ष्य चिरडायचे आणि पायापायाने पुढे सरकवायचे. तोंड उघडते तेही मागच्या दिशेला. ज्याने चालायचे त्यानेच चावायचे!

शिवाय पुच्छाखालून शृंगिकेसारखे दोन लांब तंतू मागे निघतात. कवचावर त्यांची खूणही नसते.