माळवदाची डागडुजी
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माळवदाची घरे कोसळली, त्यास गळती थांबविण्याची जुनी रीतही काही अंशी कारणीभूत होती. दरवर्षी जुन्या मातीवर नवी माती टाकली जाई. गळती थांबे, पण छताचा भार वाढत जाई. खालच्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नसत. धक्क्याने ते विलग झाले.

भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा भिंतीत दर ६०० मिलिमीटर उंचीस, फार तर १.२ मीटर अंतरावर, पूर्ण जाडीचा आरपार दगड बसविण्याची शिफारस आहे. जुन्या भिंतीस आरपार भोक पाडून, सळई ठेवून काँक्रीट भरल्यासही हेतू साधतो. हे काम माहीतगार गवंड्याचेच. नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरविणे मात्र घरच्या मंडळींनाही जमण्यासारखे आहे.