जुन्या एक्सेल फायलीतील तारखा व नावे



मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडून येणारा रस्ता जेथे मिळतो, ते सुरतेजवळचे कडोदरा. साहजिकच तेथील यंत्रमागांवर आणि कापडाच्या मिलांत खानदेशची माणसे पुष्कळ. आमचे एक नातेवाईक, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेथील एका मिलचा हिशेब पाहतात. एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा जुना दावा निकालात काढायचा होता. कामगाराने नोव्हेंबर २००९ मध्ये काम सोडलेले. जुन्या फायलींवरून नव्याने केलेल्या यादीत त्याच्या रुजू होण्याची तारीख २ जून २००५ अशी होती. म्हणजे नोकरी साडेचार वर्षांच्याही आत. आणि १९७२ च्या कायद्याची अट होती सलग पाच वर्षांची.

"अरे, हा माणूस २००१ पासून माझ्या डोळ्यांसमोर आहे!" आबा म्हणाले.

यादी करणाऱ्या तरुणाने पायथन भाषेतील एक्सएलआरडी ही लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्रामात बोलावता येणाऱ्या आज्ञांचा संच. ही मूळची जॉन मॅचिन यांची. डिसेंबर २०२० च्या आवृत्तीपासून ती केवळ जुन्या 'एक्सएलएस' फायली वाचते; २००७ मध्ये आलेल्या 'एक्सएलएसएक्स'साठी दुसरी साधने घ्यावी लागतात.

एक्सएलएस फायलीची रचना मिलमधल्या माणसाला चटकन कळेल. ताग्याला जशी चिठ्ठी लावलेली असते, तशी फायलीतील प्रत्येक नोंदीच्या आरंभी चार बाइटांची चिठ्ठी असते: दोन बाइट नोंदीच्या प्रकाराचे, दोन लांबीचे. मग माल. लायब्ररी चिठ्ठी वाचते, हवा तो माल घेते, नको तो ओलांडून पुढे जाते. सूत्रे ती पुन्हा सोडवीत नाही. शेवटी साठवलेले उत्तर तेवढे देते.

तारखेसाठी मात्र निराळी नोंद नाही! तारीख म्हणजे निव्वळ दिवसांचा आकडा. तो तारखेसारखा दाखवावा ही सूचना स्वरूपाच्या नोंदीत, आणि मोजणी कोठून धरायची ही खूण संपूर्ण पुस्तकासाठी एकदाच. विंडोजवर मोजणी १९०० पासून, जुन्या मॅकवर १९०४ पासून. (१९०० च्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे, लोटस १-२-३ मधील चूक एक्सेलने जुळणीसाठी तशीच ठेवली.) दोन्ही मोजण्यांत १४६२ दिवसांचे अंतर, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस.

आता आबांच्या फायलीतला आकडा पाहा: ३७०४३. १९०० च्या मोजणीने १ जून २००१. १९०४ च्या मोजणीने २ जून २००५. त्या गठ्ठ्यातील पहिली फाईल मॅकवरची होती. तरुणाने तिची मोजणी पाहिली आणि तीच पुढील साऱ्या फायलींना लावली. वस्तुतः एक्सएलआरडी प्रत्येक पुस्तकाची मोजणी 'डेटमोड' या नावाने सांगते. विचारण्याचा आळस तेवढा झाला.

नावांची कथा वेगळी. मराठी नावांच्या जागी रोमन अक्षरांचा काला उमटला होता, आणि येथे तरुणाचा दोष नव्हता. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत टंकन होई. फाईलमध्ये खरोखरच रोमन अक्षरांचे क्रमांक असत. देवनागरी आकार फाँट काढी. (कन्नड विभागातील मित्रांना नुडीच्या जुन्या फायलींचा हाच अनुभव असेल.) अशा वेळी फाईल उघडतानाच 'फॉरमॅटिंग इन्फो' चालू करावी. मग कोणत्या चौकटीला कोणता फाँट आहे ते कळते आणि त्या त्या फाँटचा तक्ता लावून युनिकोड करता येते. एकच तक्ता सर्वांना लावाल तर 'पाटील' पुन्हा ओळखू येणार नाहीत.

आकड्यांविषयी थोडे. एक्सेल पंधराच अर्थपूर्ण अंक जपते. सोळा अंकी खातेक्रमांक संख्या म्हणून लिहिला असेल तर शेवटचा अंक शून्य झालेला असतो आणि कोणतीही लायब्ररी तो परत आणीत नाही. ओळींचीही मर्यादा आहे, ६५,५३६. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले, ते याच जुन्या स्वरूपाच्या फायलीत ओळी न मावल्यामुळे.

आम्ही प्रत्येक फाईल पुन्हा उघडली, तिची मोजणी तिलाच विचारली आणि यादी नव्याने काढली. आबांनी माळ्यावरून २००१ चे कागदी मस्टर काढून आणले. जूनच्या पानावर त्या कामगाराची पहिली हजेरी एक तारखेचीच होती.