घर घ्यावे पाहून, घर राखावे जपून

मुलांनो,

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. या दोन कामांत किती पैसा जातो आणि किती दमछाक होते, ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही, असा तिचा अर्थ. आता गंमत बघा. बाजारात मडकं घेताना आपण त्याला टिचकी मारतो, कान लावून आवाज ऐकतो, उन्हाला धरून भोक पाहतो. पण जन्मभराची पुंजी घालून घर घेताना पुष्कळ माणसे एवढीही चौकशी करीत नाहीत. घर घेताना टिचकी कोठे मारायची, ते आज शिकू या.

उदाहरणासाठी आपण मुंबईचे विलेपार्ले घेऊ. कोणाचा काका, कोणाची आत्या मुंबईला असते. उद्या तुमच्यापैकीही कोणी तिकडे जाईल. शिवाय शहरातल्या घराची जी दुखणी, तीच पुष्कळदा गावातल्या घराचीही असतात.

१. पार्ल्याची ओळख

पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ आणि अंधेरी या स्टेशनांच्या मधे विलेपार्ले आहे. एके काळी हे आपल्यासारखे खेडेच होते. इर्ले आणि पाडले या दोन गावांवरून हे नाव पडले, असे सांगतात. १९२१ साली येथे पार्ले टिळक विद्यालय निघाले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ ही संस्था सुरू झाली. १९२९ साली गोळ्या-पेपरमिंटचा एक कारखाना उभा राहिला. पुढे त्याने बिस्किटे काढली आणि गावाचे नाव बिस्किटाच्या पुड्यावर बसून आपल्या वाडीपर्यंत आले! पार्ल्यातला तो जुना कारखाना २०१६ साली बंद झाला, पण पुडा अजून दुकानात मिळतो. १९५० साली पार्ले मुंबई महानगरपालिकेत सामील झाले.

पार्ल्याला खेटूनच विमानतळ आहे. विमाने उतरताना फार खालून जातात. म्हणून तेथे किती उंच बांधायचे, याला सरकारी मर्यादा आहे. उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो. याचा परिणाम काय होतो? मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधतात, तेव्हा बिल्डर वरचे जादा मजले विकून आपला खर्च भरून काढतो. पण जेथे जादा मजले चढवताच येत नाहीत, तेथे बिल्डर सहसा पुढे येत नाही. पार्ल्यातल्या कितीतरी जुन्या तीन-चार मजली इमारतींची हीच अडचण आहे. तेव्हा आहे ते घर नीट राखणे, हाच तेथल्या माणसांपुढचा पहिला उपाय.

२. घेण्यापूर्वी कागद पाहावेत

घराची पहिली टिचकी कागदावर मारावी. रंग चांगला आहे, खिडकीतून झाड दिसते, एवढ्याने भुलू नये. विकणारा माणूस कितीही गोड बोलला तरी पुढील गोष्टी विचाराव्यात :

(अ) जमीन कोणाच्या नावावर आहे? शहरात यासाठी मिळकत पत्रिका पाहतात. शेतजमिनीसाठी सातबारा पाहतात. मागच्या तीस वर्षांत ती मिळकत कोणाकोणाकडे गेली, गहाण आहे का, याचा शोध वकिलाकडून घेण्याची रीत आहे.

(आ) नकाशा मंजूर आहे का? इमारत पुरी झाल्यावर नगरपालिका ‘भोगवटा दाखला’ देते. आता येथे राहायला हरकत नाही, असे सांगणारा हा कागद. तो नसेल तर नळ-पाण्यापासून पुढे अनेक कटकटी निघतात.

(इ) इमारत नवी असेल तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी आहे का? बिल्डरांवर वचक बसावा म्हणून २०१६ साली कायदा झाला आणि २०१७ पासून आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. त्या कायद्याने बिल्डरला नोंदलेला करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो त्यानेच फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. अगदी लहान प्रकल्पांना मात्र या नोंदणीतून सूट आहे. तेथे आपणच जास्त सावध राहावे.

(ई) घर जुने असेल तर सोसायटीचा भाग दाखला, आधीचे खरेदीखत आणि थकबाकी नसल्याचे पत्र मागावे.

सोसायटी म्हणजे काय, तेही समजून घ्या. एकट्याला जमीन परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून संस्था काढायची आणि घरे बांधायची. मुंबईत, गावदेवी भागात, १९१५ साली अशी एक संस्था निघाली. सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था असे तिचे नाव. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्या कामाचे पुढारी. गावातली सहकारी सोसायटी खते-बियाणे देते; ही सोसायटी घर सांभाळते. तत्त्व एकच : एकमेकां साहाय्य करणे.

३. माप स्वतः घ्यावे

गणिताचा तास आठवा. खोलीचे क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. समजा, एका घरात पुढील जागा आहेत :

बाहेरची खोली १२ × १० = १२० चौरस फूट
आतली खोली १० × १० = १०० चौरस फूट
स्वयंपाकघर ८ × ७ = ५६ चौरस फूट
मोरी व संडास ६ × ४ = २४ चौरस फूट
मधली वाट ५ × ४ = २० चौरस फूट
एकूण ३२० चौरस फूट

विकणारा मात्र सांगतो, “घर साडेचारशे फुटांचे आहे!” मग १३० फूट गेले कोठे? जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती यांचा वाटा त्याने आपल्या घरात मिळवला. याला बाजारात ‘सुपर बिल्टअप’ म्हणतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव फुटाला दहा हजार रुपये धरा. १३० फुटांचे झाले तेरा लाख रुपये! ज्या जागेवर सतरंजी अंथरता येत नाही, तिचे तेरा लाख. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नव्या प्रकल्पातली जागा ‘कार्पेट’ मापाने, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेच्या मापाने सांगावी लागते. तरी टेप आपल्या हातात असावी. माप चौरस मीटरमध्ये दिले असेल तर त्याला १०.७६ ने गुणावे, म्हणजे चौरस फूट मिळतात.

४. सजावट कशी करावी?

सजावट म्हणजे महाग वस्तूंची गर्दी नव्हे. घर लहान असेल तर भिंतींना फिका रंग द्यावा. उजेड परततो आणि खोली मोठी वाटते. समोरासमोर खिडक्या असतील तर त्या मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे वारा आरपार खेळतो. कपाट भिंतीला चिकटवू नये. मधे चार बोटांची फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात मागे बुरशी धरते. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू माळ्यावर टाकाव्यात, पण माळ्यावर फार वजन घालू नये.

जुना रंग खरवडताना लहान मुलांनी जवळ थांबू नये. पूर्वीच्या पुष्कळ तेलरंगांत शिसे असे. ते पोटात गेले तर मुलांच्या मेंदूला अपाय होतो. २०१७ पासून रंगात ठरावीक प्रमाणाबाहेर शिसे वापरायला देशात बंदी आहे, पण भिंतीवरचे जुने थर तसेच असतात. आधी भिंत ओली करावी, मग खरवडावी आणि भुकटी पुसून घ्यावी.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ऐका. खोली मोठी करायची म्हणून खांब, तुळई किंवा भार घेणारी भिंत कधीही तोडू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर दुरुस्ती करताना इमारतीच्या आधाराला धक्का लावला, असा आरोप तेव्हा झाला. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा जीव तळमजल्यावरच्या खांबावर टेकलेला असतो. म्हणून इंजिनियरला आणि सोसायटीला विचारल्याशिवाय भिंतीवर घण घालू नये.

५. निगा : आधी पाणी थांबवा

घराचा पहिला शत्रू पाणी. २६ जुलै २००५ ची गोष्ट. त्या वेळी पार्ल्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. फूटपट्टी भिंतीला तीन वेळा लावा आणि वर आणखी चार सेंटिमीटर मोजा. सगळे पाणी जागच्या जागी साचले असते, तर तेवढे उभे राहिले असते! एवढा पाऊस रोज पडत नाही, पण मुंबईचा पाऊस चार महिने भिंतींना सोडत नाही.

भिंतीत पाणी मुरले की आतल्या लोखंडी सळईला गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. सळई आतून फुगते, बाहेरचे काँक्रीट ढकलते, आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. पुष्कळ लोक काय करतात? ओल दिसली की वरून रंग फासतात. हे म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावण्यासारखे झाले! पाणी कोठून येते ते शोधावे. गच्ची, नळ, खिडकीची कड तपासावी. पाणी थांबवावे, भिंत पुरती वाळू द्यावी, आणि मगच रंग द्यावा.

भिंतीत पिंपळाचे रोप दिसले तर ते वितीएवढे असतानाच मुळासकट काढावे. मोठे झाले की मूळ भिंत चिरत जाते. गच्चीवरची पन्हळी मे महिन्यात साफ करावी. विजेच्या फलकावर, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा आणि जमिनीत जाणारी अर्थिंगची तार धड आहे का ते पाहावे.

जुन्या इमारतीची वैद्यासारखी तपासणीही करतात. सोसायट्यांच्या नमुना नियमांत, १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा करावी, असे सांगितले आहे. दुरुस्तीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का आणि मोठ्या कामासाठी पाव टक्का बाजूला ठेवावा, असेही आहे. बांधकामाला चार लाख लागले असतील, तर वर्षाला ३००० आणि १००० रुपये झाले. ‘कशाला हवी ही वर्गणी?’ म्हणून कुरकुर करणारे लोक पुढे छत गळू लागले की एकदम लाखो रुपये मोजतात.

६. आणि आपले गावातले घर?

आपल्याकडे घर विकत घेताना साध्या स्टॅम्पवर लिहून घेतात, चार साक्षीदारांचे अंगठे उठवतात आणि काम झाले असे समजतात. हे खरे नव्हे, बरं का! १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरच्या घर-जमिनीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदावी लागते. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने घर आपले होत नाही. विकणारा गेला, त्याची मुले मोठी झाली, की भांडण उभे राहते आणि घरात राहणारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा सगळ्यांकडे असतो. पण तो घरपट्टीसाठी असतो. मालकी त्याने पक्की होत नाही. गावठाणातल्या घरांची मापे ड्रोनने घेऊन मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. आपल्या घराची पत्रिका झाली आहे का, हे घरी विचारा. पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, तेही विचारा. घर शेणाने सारवते ती आई, चुना देते ती आई, गळक्या कौलाखाली भांडे ठेवते तीही आईच; मग कागदावर तिचे नाव का नसावे? पती-पत्नी दोघांचीही नावे लावता येतात. स्त्रीने एकटीच्या नावावर राहते घर घेतले, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही मिळते.

बांधकामाची हयगय तर गावातही जीव घेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. त्या भिंती कोसळल्या आणि झोपेतली हजारो माणसे गेली. म्हणून दगडी भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावेत, आणि चौकटीच्या वर सगळ्या घराभोवती काँक्रीटचा पट्टा बांधून घ्यावा.

लक्षात ठेवा

कागद आधी, पैसा नंतर.
माप आपल्या टेपने घ्यावे.
पाणी थांबवावे, मग रंग द्यावा.
खांबाला हात लावू नये.
घराच्या कागदावर आईचेही नाव असावे.

शब्दार्थ

पुंजी – साठवलेला पैसा
भोगवटा – वापर, उपभोग
तुळई – छताचा भार घेणारे आडवे लाकूड किंवा काँक्रीट
पन्हळी – छपरावरचे पाणी वाहून नेणारी वाट
गावठाण – गावातली राहण्याची जागा

करून पाहा

१. आपल्या घरातल्या प्रत्येक खोलीचे माप घ्या आणि एकूण क्षेत्रफळ काढा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुमचे घर किती गुंठ्यांत बसते?
२. एक लोखंडी खिळा ओल्या मातीत आणि एक कोरड्या डब्यात आठ दिवस ठेवा. काय फरक पडला, ते वहीत लिहा.
३. घराभोवती फिरून भेगा, ओल आणि उगवलेली रोपे मोजा. सापडतील ती वडिलांना दाखवा.

प्रश्न

१. पार्ल्यात फार उंच इमारती का बांधता येत नाहीत?
२. ओल्या भिंतीवर रंग दिल्यास काय होईल?
३. नमुना नंबर ८ चा उतारा कशासाठी असतो?
४. तुमच्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे? घरी विचारून या. उत्तर वर्गात सांगितलेच पाहिजे असे नाही. तुम्हांला माहीत असले म्हणजे झाले.

हा लेख घरी मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.